उलट्या पिळाच्या जुड्या

मखमलाबाद नाका, पंचवटी,
नाशिक.
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. अमोल,

अनेक आशीर्वाद. सौ. रूपालीला आणि छोट्या साईलाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तू दारातच पाकीट फाडलं असशील, म्हणून आधीच सांगते, नाना ठणठणीत आहेत. आत्ता माझ्यासमोर बाजेवर उन्हात बसून मटार सोलताहेत. सोलताहेत म्हणजे काय, चार दाणे परातीत आणि सहा तोंडात. मी रागावले तर म्हणतात, "कीड हाय का ते बघाया लागतं." आता बोल!

ताईचा फोन बिघडला का, असं तू रूपालीला विचारशील. फोन चांगला आहे. पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून बसते. कागद बिचारा गप ऐकून घेतो. शिवाय संक्रांत झाली, ब्लाउजांची गर्दी ओसरली, मशीनवर कव्हर घालून ठेवलंय. तिळगूळ पोचला ना? थोडा कडक झालाय, मला माहीत आहे. दात सांभाळून खा आणि मला नावं ठेवू नकोस.

देवळ्याला तुझ्या खळ्यावर लाल कांद्याची आवक जोरात असेल. धुळीत तोंडाला रुमाल बांधत जा. मागच्या वर्षी महिनाभर खोकत होतास.

नानांबद्दल मी तुला फोनवर नेहमी एकच सांगते, "चाललंय." अरे, नुसतं चाललेलं नाही, मजेत चाललंय. ते कधी सांगितलंच नाही मी तुला. आज सगळं सांगते.

आई गेली, मळा वाट्याने दिला आणि नाना माझ्याकडे आले, त्याला या पाडव्याला दोन वर्षं होतील. पहिले सहा महिने कसे काढले ते माझं मला ठाऊक. सकाळ झाली की डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभे. "बाजारला उशीर झाला, गाडी जुंप." मी शहाणी त्यांना समजावत बसायचे. नाना, मळा आता वाट्याने दिलाय. नाना, बैल कधीच विकले. नाना, आई गेली. दिवसातून चारदा सांगायचे, आणि चारही वेळा ते आई गेल्याचं पहिल्यांदाच ऐकायचे. हमसून हमसून रडायचे. मग मीही रडायचे आणि वर चिडायचे. एकदा तर दाराला बाहेरून कडी लावून मी अर्धा तास जिन्यात बसून राहिले होते. ते आतून दार वाजवत होते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

शेजारच्या वत्सलाबाई तुला आठवतात ना, नर्स होत्या, आता रिटायर आहेत. त्यांनी मला जिन्यात पाहिलं. म्हणाल्या, "मनीषा, तू त्यांची परीक्षा का घेतेस गं रोज? ते नापासच होणार. माणूस जन्मभर राबलाय, त्याला काम दे हाताला."

काम म्हणजे काय देणार? नानांना येतं काय, तर भाजी. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरून मेथीच्या दहा जुड्या आणल्या, सोडून त्यांचा ढीग केला आणि परातीत घालून पुढे ठेवला. जुड्या बांधायला केळीच्या सोपटाच्या पट्ट्या पाण्यात भिजवून बाजूला. काहीएक बोलले नाही. अमोल, काय सांगू तुला! त्यांनी मांडी घातली, मुळांची माती झटकली, पिवळी पानं खुडली आणि भराभर जुड्या बांधायला लागले. ज्या हातांना शर्टाचं बटण लागत नाही ते हात असे चालत होते की मी मशीनवर बसून नुसती बघत राहिले. दोन तास बाजाराचं नाव नाही की गाडीचं नाव नाही.

मला वाटलं, जिंकलं! दुपारी ते झोपले की मी जुड्या सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच ढीग पुढे ठेवायचे. आपल्याला काय, माणसाला आठवत नाही, आपली भाजी वाचली. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक काडी उचलली, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतली मनी आठवली.

"ही परवाची भाजी हाय."

मी म्हटलं, नाही हो नाना, ताजी आहे.

"मला येडा समजती का गं? पाल्याला कळा नाय ऱ्हायली. शिळी भाजी बांधून गिऱ्हाइकाला द्यायची? ह्या सावळीरामच्या मळ्यात असलं चालत नाय!" आणि परात सरकवून दिली.

स्वतःच्या लेकीचं नाव विसरलेला माणूस, पण शिळी मेथी ओळखतो. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मी ही चूक करावी! लाजही वाटली आणि हसूही आवरेना. मग मी बुधवारच्या बाजारात गेले, गंगेवर, गोदाकाठी. तिथे आडगावचे पुंजाराम बसतात, नानांच्या ओळखीतले, त्यांना सगळं सांगितलं. त्या माणसाने एका शब्दाने कीव केली नाही. म्हणाले, "मला जुड्या बांधाया माणूस मिळंना झालाय. सुटी मेथी पोतं भरून पाठवतो. सावळीरामदादांना म्हणावं नीट बांधा, नायतर परत पाठवीन." तेव्हापासून मंगळवारी पोतं येतं आणि बुधवारी त्याच जुड्या बाजारात जातात. खरं काम, खरं गिऱ्हाईक. एकदा पुंजारामांनी खरंच पाच जुड्या सैल म्हणून परत पाठवल्या, तर नाना दिवसभर फुगून बसले होते.

आणि आता बुधवारी आम्ही दोघंही बाजारात जातो, बरं का. रिक्षाने जातो. पुंजारामांच्या शेजारी गोणपाटावर बसून नाना भाजीवर पाणी मारतात आणि ओरडतात. एक मॅडम जुडी दाबून दाबून बघत होती, तर तिला म्हणाले, "बाई, लेकीला स्थळ बघाया आली का?" मॅडम हसली आणि तीन जुड्या घेऊन गेली. येताना आम्ही भेळ खातो. घरी आलो की त्यांना बाजार आठवत नाही, भेळ आठवत नाही, पण संध्याकाळभर खूश असतात. का खूश आहोत ते माहीत नसतं, एवढंच.

तुला आठवतं, आपल्या लहानपणी नाना कधी दोन मिनिटं आपल्याजवळ बसले? पहाटे बाजार, दिवसभर मळा, रात्री जेवून आडवे. मला तर त्यांनी नीट बघितलं असेल ते लग्नात, तेही पाटावर बसवायला. आणि आता माझ्या पन्नाशीत बाप रोज सकाळी माझ्यासमोर मांडी घालून बसतो. मी शिवते, ते जुड्या बांधतात, पोतं नसेल त्या दिवशी मटार नाहीतर शेंगा सोलतात. मला "बाई" म्हणतात. "बाई, दमलीस का? जरा पाणी पी." एवढं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं, माझ्या स्नेहलच्या बाबांनीही नाही, देव त्यांना शांती देवो. मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावते ना, तेव्हा काही मागत नाही आता. आभार मानते आणि उठते.

आता मटार संपले. परातीत वाटीभर उरलेत. चहा ठेवून येते.

आले. आता दिवाळीचं.

तो विषय मी काढणार नव्हते. दोन पानं लिहून झाली, पण हात तिकडे वळेना. तू भाऊबीजेला आलास, नवं जाकीट, हातात मिठाई, दारातच उभा राहिलास आणि म्हणालास, "नाना, ओळखलं का? सांगा बरं मी कोण?" त्यांनी बघितलं. तू परत विचारलंस. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा ते ओरडले, "कोण हाय ह्यो? याला भाईर काढ!" आणि फराळाचं ताट भिरकावलं. तू गाडीत बसून रडत होतास. मी गॅलरीतून बघत होते, पण खाली आले नाही.

अमोल, मला माहीत होतं काय करायचं ते. वत्सलाबाईंनी मला वर्षभरापूर्वी सांगितलं होतं, त्यांची परीक्षा घेऊ नकोस. तुला फक्त एवढं सांगायचं होतं की विचारू नको, शेजारी बस आणि परात ओढून घे. मी सांगितलं नाही. वर आठ दिवसांनी फोन करून म्हटलं, "तू आलास की त्यांना त्रास होतो रे. सध्या येऊ नकोस." तू "बरं ताई" म्हणालास. बाकी सगळ्या गोष्टींत माझ्याशी भांडतोस, यातच का नाही भांडलास?

अजून पुढे आहे. ते लिहायलाच कागद घेतला होता.

डिसेंबरात माझा उजवा हात इस्त्रीवर भाजला. फोड आला होता, पट्टी बांधली होती. मंगळवारचं पोतं येऊन पडलेलं आणि नाना एकटे बांधत होते, म्हणून मी डाव्या हाताने चार-पाच जुड्या बांधल्या. नानांनी त्यातली एक उचलली. पट्टीचा पीळ बघितला. जुडी फिरवून परत बघितला. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अमोल आला का?"

माझ्या हातातलं सोपट गळून पडलं. दिवाळीत तुला ज्याने हाकललं त्या माणसाच्या तोंडून तुझं नाव, स्पष्ट. मी विचारलं, कोण अमोल नाना?

"कोण म्हंजी? आपला अमोल. ह्यो उलटा पीळ त्याचाच. डावखुरा हाय ना."

या डाव्या हातावरून तू किती बोलणी खाल्लीस ते तुला आठवत असेल. "डावरा, डावरा" म्हणून सगळ्या मळ्यासमोर. तुझ्या जुड्या आई वेगळ्या काढून ठेवायची, नानांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. त्या दिवशी नाना काय म्हणाले ते तुला शब्दाला शब्द लिहिते, कारण ते मी दीड महिना गिळून बसले आहे. म्हणाले, "माझी जुडी कधीमधी सुटती. त्याची नाय सुटत. पोराचा हात लय चांगला हाय. मी त्याला कधी बोललो नाय तसं. बोलाया पायजे होतं."

मग ती जुडी हातात धरून दारात खुर्ची टाकून बसले. दिवस मावळेपर्यंत. दर पाच मिनिटांनी, "अजून नाय आला?" मी म्हणत राहिले, येईल, मळ्यात पाणी द्यायला गेलाय.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू रडवेल्या आवाजात विचारलंस, "ताई, नाना माझं नाव काढतात का गं कधी?" आणि मी म्हटलं, "नाही रे."

नाना माझ्यापासून चार हातांवर बसलेले होते, तुझी वाट बघत.

का म्हटलं? मी तेव्हापासून स्वतःला तेच विचारतेय. कारणं खूप शोधली. तुला त्रास नको, नानांना त्रास नको. सगळी खोटी. खरं एवढंच, की मी जळले. मी दोन वर्षं समोर बसते, माझं नाव त्यांच्या ओठावर येत नाही. मी "बाई." आणि तुझं नाव नुसत्या पिळावरून येतं. आयुष्यात पहिल्यांदा बाप माझ्या एकटीच्या वाट्याला आला होता, तो मला कुणाला द्यायचा नव्हता. माझी नियत खोटी झाली, अमोल. देवाचे आभार रोज मानत होते आणि तुझा हिस्सा दाबून बसले होते.

वत्सलाबाई म्हणतात, पीळ ओळखणंही एक दिवस जाईल. हल्ली मध्येच काडी हातात धरून थांबतात, पुढे काय ते सुचत नाही. मी जरा खाकरले की परत हात चालतो. उन्हाळ्यापर्यंत काय होईल सांगता येत नाही. म्हणून उशीर करू नकोस. माझ्यावर राग धर, शिव्या दे, माझ्या हातचं पाणी पिऊ नकोस. पण ये.

आलास की "ओळखलं का" म्हणू नकोस. "मी तुमचा मुलगा" असंही म्हणू नकोस. जाकीट काढून ठेव, चप्पल काढ, रामराम कर आणि परातीच्या या बाजूला बस. मग हात चालू दे.

क्षमा मागायची तर कोणत्या तोंडाने मागू? तरी मागते.

तुझी चुकलेली,
मनीषाताई


नाशिक.
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. अमोल,

काल तू गेल्यावर गाडी वळेपर्यंत मी गॅलरीत होते. तू वर बघितलंस तेव्हा मला कळलं की तू रडला आहेस. पण मला हात केलास. तेवढ्यावर माझं भागलं, बाकीचं तू सावकाश माफ कर, घाई नाही.

तुला वाटलं असेल, येऊन काय मिळालं. अडीच तास बसलास, पोतं रिकामं केलंस, आणि नाना तुला सारखे "पाव्हणं" म्हणत होते. "पाव्हणं, पाणी घ्या. पाव्हणं, तिकडली पट्टी द्या." तू एकदाही काही विचारलं नाहीस. मध्ये एकदा ओठ हलले तुझे, मी बघितलं, पण तू गिळलंस. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की मी टाका चुकले. सौ. दिंडेंचा ब्लाउज आहे, उसवावा लागणार.

म्हणून तू गेल्यावर काय झालं ते लगेच लिहितेय.

पुंजारामांचा टेम्पो आला जुड्या न्यायला. खास तुझ्यासाठी म्हणून त्यांनी पोतं रविवारी पाठवलं होतं. नानांनी सगळ्या जुड्या त्यांना दिल्या, पण तुझ्या दिल्या नाहीत. एक एक पीळ बघून उलट्या पिळाच्या बाजूला काढल्या, ओल्या गोणपाटाखाली झाकल्या आणि गोणपाटावर हात ठेवून बसले. पुंजारामांनी मागितल्या तर म्हणाले, "ह्या घरच्या हायेत." पुंजारामांनी माझ्याकडे बघितलं आणि तेवढ्या सोडून बाकीच्या घेऊन गेले. आता आठवडाभर मेथीची भाजी, मेथीचे पराठे आणि मेथीची गोळाभाजी. तुझ्यामुळे.

संध्याकाळी मी त्यांना भरवत होते. एकदम विचारलं, "बाई, सकाळचा तो माणूस कुठला?"

मी म्हटलं, देवळ्याचा.

"भला माणूस हाय. बोलत नाय जास्त. हात बघितला का त्याचा? असा हात मी एकच बघितला, आपल्या अमोलचा."

मला घास भरवता येईना, अमोल. मी पदर तोंडाला लावून बसले. त्यांना वाटलं मला ठसका लागला, तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्याला सोडू नको. पुन्हा बोलाव. अमोल आला का दोघांना शेजारीशेजारी बसवू. अमोलला बरं वाटंल, आपल्यासारखा कुणी हाय म्हणून. मी लय बोललो त्याला डाव्या हातावरनं."

येत्या रविवारी पोतं सांगून ठेवलं आहे. रूपालीला आण, साईला आण, त्याचा हात उजवा का डावा ते मला अजून माहीत नाही. आणि नानांनी निरोप दिलाय तो असा, की देवळ्याच्या त्या भल्या माणसाने यावं, आणि येताना आमच्या अमोलला घेऊन यावं.

तेव्हा दोघंही या.

वाट बघणारे,
नाना आणि ताई